धार तोडू नको

पाण्याच्या बाबतीत मला चिकट म्हणता ना, मग हे ऐका. नर्सिंगच्या पदवीला असताना बाळंतपणाच्या प्रॅक्टिकलात मी नापास झाले, ती हात धुण्यात! साबण लावताना मी नळ बंद करायची. मॅडम कडाडल्या, "वाहत्या पाण्याखाली, कोपरापर्यंत! नळ का बंद करतेस?"

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या गावाकडं, भूमला, एवढ्या पाण्यात घरदार न्हातं."

"मग भूमलाच जा!"

गेले. सुट्टीत. ऐन दुष्काळ, पाणी टँकरचं. शेजारच्या कमलवहिनीला कळा सुरू झाल्या आणि सुईण नेमकी परगावी, म्हणून बाळंतपण माझ्यावरच आलं. आमच्या घरात पाणी काय, तर आईनं रांगेत भांडून आणलेली एक घागर. लहानपणी थेंब सांडला तरी पाठीत धपाटा घालणारी बाई ती. तिच्यापुढं मी हात धरले. चूळभर पाणी सोडून ती थांबली.

"आई, धार तोडू नको."

"समदं पानी जाईल की गं!"

"जाऊ दे."

तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि अख्खी घागर माझ्या हातांवर रिकामी केली.

वहिनीला मुलगी झाली. दोघी ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी बायांनी आईला अडवलं, "कालच भरून नेली की घागर! कुठं घातलं पानी?"

आई म्हणाली, "लेकीच्या हातावर. सरका बाजूला, तुमच्या सुनांचेबी दिवस भरत आलेत!"