चुना खाणारा दगड

चुना खाणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. चुना खाणारा दगड मात्र माझ्याच घरात निघाला.

आमच्या माले गावच्या घरात वरची खोली अमोल नावाच्या पोराला भाड्याने दिली आहे. त्याने तिथे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली आहे. तिच्यात दगडासारखं जिवंत प्रवाळ वाढतं. त्याला चुना लागतो. दुकानातली औषधं महाग पडतात, म्हणून मी तंबाखूला लावतो तोच चुना तो बाटलीभर पाण्यात कालवून ठेवतो. टाकीत वरून कधी खायचा सोडाही घालतो.

गावी जाताना त्याने ती बाटली माझ्याकडे दिली. "तात्या, माझा जीव आहे त्या टाकीत. पाणी आटेल तसं हे थेंब थेंब सोडा."

मी बाटली चांगली हलवून घेतली. फवारणीचं औषध न हलवता कोणी मारतं का? ते सोडताच टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. प्रवाळ आक्रसलं. मी अमोलला फोन लावला.

"हलवलीत? अहो, गाळ खालीच राहू द्यायचा. वरचं नितळ पाणी घालायचं. आता माझ्या कपाटातलं व्हिनेगर घ्या. थोडं थोडं घाला, चुना विरघळेल."

बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"मीठ हाय, सोडा हाय, आता आंबटबी पडलं. हळद आणू का?"

मी व्हिनेगर थोडं थोडं ओतत राहिलो.

सकाळी प्रवाळ पुन्हा उमललं. हे औषध होतं की कालवण, मला अजून कळलेलं नाही. मी वर टाकीजवळ गेलो की बायको जिन्याखालून विचारते, "शिजलं का?"