दोनशेची पाटी

आई : ...जिंकून आलाय की चोरी करून आलाय, तेच मला कळत नाही. पंधरा दिवस झाले. वरच्या खोलीत जातो तो चपला हातात घेऊन. समोर आला तर मान खाली. काल मी मुद्दाम जिन्यात उभी राहिले, तर म्हणतो, “काकू, जरा घाई आहे.” कसली रे घाई? खोलीत एक खाट, एक सायकल आणि एक खिडकी. खाट पळून चालली होती का?

दादा : दमलाय गं तो. सगळा हंगाम शर्यती केल्यात त्यानं.

आई : दमलेला माणूस जेवायला मागतो. हा ताट वर घेऊन जातो. दोन वर्षं आपल्याकडं राहतोय, भाडेकरू म्हणून कधी वेगळं वागवलं का मी त्याला?

दादा : मी कुठं म्हणतोय वागवलंस.

आई : टीव्हीवर बरं तोंड सुटलं होतं. “मीच दादाला ओरडून सांगितलं बाजूला हो म्हणून. मला दम निघाला नाही. चूक माझी.” खोटारडा मेला!

दादा : खोटारडा कशावरून?

आई : ओरडायला तोंड उघडावं लागतं. शेजारणीच्या नातीनं शर्यतीच्या शेवटाचा तुकडा मला फोनवर लावून दिला. चार वेळा बघितला. तू पुढं, हा तुझ्या चाकाला चिकटलेला, आणि तोंडाला कुलूप.

दादा : हेल्मेट, काळा चष्मा, ताशी सत्तरचा वेग. त्यात तुला तोंड दिसलं?

आई : दात दिसले. आवळलेले. माझी शाळा दुसरीत सुटली, पण रस्त्याकडेच्या मीटरच्या पाट्यांवरचे आकडे वाचता येतात मला. तुझे बाबा सायकली दुरुस्त करायचे तेव्हा मी काय शेजारी बसून माश्या मारत नव्हते. सांग, तुझं काम काय असतं?

दादा : आई, आता हे काय काढलंस...

आई : सांग ना. तुमचा मुलगा इतकी वर्षं टीममध्ये आहे, मग कधीच जिंकत कसा नाही, असं लोक विचारतात. तेव्हा मी जे सांगते तेच सांग.

दादा : शर्यतीच्या शेवटी त्याच्या पुढं राहायचं. वारा मी खायचा, तो माझ्या आडोशाला. दोनशे मीटर उरले की बाजूला व्हायचं. पुढं तो एकटा.

आई : दोनशे. आणि त्या दिवशी तू बाजूला झालास तेव्हा कुठली पाटी गेली होती?

दादा : जिंकला ना तो? मग झालं तर.

आई : तीनशेचीसुद्धा गेली नव्हती. जिंकला, पण पाऊण चाकानं! त्या उंच पोरानं गिळलाच होता त्याला. यंदा या पोरांचं पीकच आलंय. तो उंच, ते दोघे जुळे, तो दातपडका. मिशी फुटली नाही अजून आणि सुटतात कशी, गोफणीतल्या दगडासारखी. त्यांच्यासमोर शंभर मीटर जास्त उघड्यावर काढायचे म्हणजे काय खायचं काम आहे?

दादा : तुला त्याची तक्रार करायचीय की कौतुक?

आई : मला तुझ्या पायांबद्दल विचारायचंय.

दादा : पायांना काय झालं?

आई : केस आलेत.

(दादा पाय खुर्चीखाली ओढून घेतो.)

आई : आता कशाला लपवतोस? चौदा वर्षं दर रविवारी बाथरूम अडवून पाय तासत बसायचास. बाबा हसायचे, तर मीच त्यांना गप्प करायचे. पडला, खरचटला, तर जखम धुवायला बरं पडतं म्हणून सांगायचे. आता दोन रविवार गेले, तुझा वस्तरा कोरडा आहे.

दादा : तू माझा वस्तरा बघतेस?

आई : या घरात मी सगळं बघते. थांबलास ना तू?

दादा : थांबलो.

आई : कुणाला विचारून?

दादा : पायांना विचारून. तीनशेच्या अलीकडं ते म्हणाले, बस. मला कळायच्या आत मी कडेला होतो. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला असा उघड्यावर सोडला मी. आणि रेघ ओलांडून धाप लागलेली, समोर कॅमेरे, तर त्याचं पहिलं वाक्य ते. चूक माझी.

आई : मॅनेजरला पटलं?

दादा : पोरगं उतावळं आहे म्हणाला. मला कुणी काही बोललं नाही.

आई : आणि तूही बोलला नाहीस.

दादा : नाही. मग दोन दिवसांनी मोठ्या टीमचा फोन आला. सगळ्यात मोठ्या. त्यांना आपला हा वरचा हवाय. यानं सांगितलं, दादाला घेतलं तरच येतो. ते तयार झाले. आज पाचच्या आत होकार गेला नाही तर ते त्या उंच पोराला घेणार.

आई : आणि हे मला आत्ता सांगतोस? उठ! वस्तरा घे आणि आत जा! मोठी टीम म्हणे! चौदा वर्षं दुसऱ्यांसाठी वारा खाल्लास. पेपरात फोटो आला तर त्यात तुझं कोपर. मी ती कोपरंसुद्धा कापून ठेवलीत. एकदा तरी अख्खा दिसशील.

दादा : दर आठवड्याला तीनशेवर सोडेन मी त्याला. तो हरेल, आणि दर वेळी म्हणेल, चूक माझी. वर्षभरात त्याला उतावळा ठरवून घरी पाठवतील. माझ्यामुळं.

आई : पाय परत येतात की. विश्रांती घेतली की येतात.

दादा : आई.

आई : बरं. नाही येत.

वरचा : (जिन्यावरून खाली येत) दादा... काकू, मी नंतर येतो. तुमचं चालू द्या.

आई : घाई आहे ना? माहीत आहे. बस तिथं.

वरचा : दादा, चार वाजून गेले. त्यांना काय सांगू?

दादा : आठ वेळा सांगितलं. मी येत नाही.

वरचा : मग तू अडीचशेवर सोड. तीनशेवर सोड. मी ओढेन ना पुढं!

आई : आणि माईकवर काय सांगशील? बोल, तिथं बरं तोंड उघडतं तुझं.

वरचा : काकू, मला दुसऱ्या कुणाच्या मागून जाता येत नाही. शेवटच्या मिनिटाला शंभर जण असतात, कोपरं मारतात, शिव्या देतात. मी काही बघतच नाही. दादाची पाठ बघतो. तिच्यावर घामाचा डाग असतो, तो पसरत जातो, तेवढाच बघतो. सगळे म्हणतात हा नवा पोरगा काय धीट आहे. मी दोन वर्षांत शर्यत बघितलेलीच नाही.

आई : तिकडच्या लोकांना पाठी नसतात का?

वरचा : असतात. माझ्या ओळखीच्या नसतात. तिथं प्रत्येकाला वेगळी खोली. जेवायला बसले की जो तो फोनमध्ये. जिंकलो तर मी सांगू कुणाला?

आई : बापाला सांग.

वरचा : त्यांनी नवं घर मांडल्यापासून तिथं नुसती रिंग वाजते. तुम्हाला ठाऊक आहे.

आई : ठाऊक आहे.

दादा : मला कर फोन.

वरचा : तू उचलशील. महिनाभर. पुढं तुला शर्यत बघवणार नाही, मग माझा आवाजही नको होईल.

आई : काय रे? बघवेल तुला?

दादा : नाही बघवणार.

आई : चला, पंधरा दिवसांत या घरात एक जण खरं बोलला. आता तू ऐक, वरच्या. मला वाटत होतं, तू माझ्या मुलाची लाज झाकलीस आणि उपकार केले म्हणून तोंड चुकवतोयस. तसं नाहीये. तू त्याच्यासाठी नाही खोटं बोललास. तुला त्याची पाठ हवी होती. थकली तरी हवी, मोडली तरी हवी.

वरचा : हो.

आई : बघा, हो म्हणतोय! आणि मी तरी काय वेगळी? मघाशी याला उठून वस्तरा घे म्हणाले. का? हा घरी बसला की उद्यापासून दिवसभर याचं पडलेलं तोंड बघायचं कुणी? मीच.

दादा : आई, पुरे आता.

आई : तू मध्ये बोलू नकोस. वरच्या, फोन लाव तू. एकटा येतो म्हण.

वरचा : काकू, मला नाही जमणार एकट्याला.

आई : भित्रा आहेस तू. आम्हीही आहोत, दोघंही. पण या तिघांत जाण्याजोगे पाय तेवढे तुझेच उरलेत.