मिशी आणि मशीन

घोरण्याची पण तपासणी असते, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला नव्हतं. बायकोनं धरून नेलं. रात्रभर अंगाला वायरी लावून झोपवलं आणि सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, झोपेत तुमचा श्वास थांबतो."

म्हटलं, "मग परत चालू कोण करतं?"

बायको म्हणाली, "मी! रोज रातभर जागून, कोपर मारून."

मग नाकातोंडावर लावायचं हवेचं मशीन दिलं. तर म्हणे मिशीमुळे हवा गळते, मिशी काढा. म्हटलं, "बाई, आमच्या घणसोली गावात घरातलं कोणी मेल्याशिवाय मिशी काढत नाय."

"तुम्ही नाही काढलीत, तर तुमच्या मुलाला काढावी लागेल."

काय गोड वाणी! काढली.

त्या रात्री मशीन लावून झोपलो. सकाळी बिनमिशीचा दूध आणायला निघालो, तर शेजारचा पांडू गळ्यात पडून रडायलाच लागला. "तात्या, काकी कवा गेली? आमाला कळवलं पन नाय!"

म्हटलं, "गेली नाय रे गाढवा, झोपलीय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."