हौसाची हिरवी साडी

चिपळूणच्या फोटो स्टुडिओत उल्का आपल्या पासपोर्ट फोटोंची वाट बघत बाकावर बसली होती. काउंटरपाशी सावर्ड्याचे महिपतकाका दोन मोठ्या प्रिंट हातात धरून उभे होते. दोन्हींत त्यांची गेलेली बायको हौसा हसत होती. स्टुडिओवाला देवदत्त त्यांना समजावत होता.

"काका, हा चकचकीत कागद, साधी शाई. हा बिनचमकीचा, ह्याला पिगमेंटची शाई. प्रिंटरही वेगळा."

"ह्यात साडी पोपटी दिसते. ह्यात शेवाळासारखी."

"कागद, शाई बदलली की रंग थोडा हलतोच."

"मग खरी कुठली?"

"ते तुम्हीच सांगायचं. मूळ फोटो पिवळा पडलाय, मी अंदाजानं केलं. साडी तुम्हीच घेतलेली ना?"

"मीच. ती दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघत होती. मी म्हटलं, हिरवी ती हिरवी, चल आता."

"माझं ऐकाल तर पिगमेंट घ्या. आपल्या दमट हवेत दुसरी लवकर फिकी पडेल."

"आणि रंग चुकीचा असला तर? रोज बघून मला तोच खरा वाटायला लागेल."

"मग असं करा, साडीच घेऊन या. शेजारी ठेवून रंग जुळवतो."

"साडी नाही."

"कुणाला दिलीत? एका दिवसापुरती मागून आणा."

महिपतकाकांनी दोन्ही प्रिंट काउंटरवर ठेवल्या.

"सवाष्ण गेली ना ती. बायका म्हणाल्या, हिरवी नेसवून न्यायची. मी तीच काढून दिली."