साखळी धरणारी

नका घेऊ. अहो, मी दुकानदार असून सांगतोय, नका घेऊ तो — आणि जरा ते दार धरा हो, सोडू नका, धूर कोंडतोय इथे, पंखा जळालाय आणि माझे दोन्ही हात या इस्त्रीत अडकलेत — हां, तसंच. पाय लावून नाही राहायचं ते, स्प्रिंग फार कडक आहे, हातानेच धरा. तर काय म्हणत होतो — तो कपाटातला गेम. चालू आहे, मीच केलाय चालू, तक्रार ती नाहीच. लहानपणी खेळला होतात? तेच ना! सगळे तेच सांगतात. काचेला नाक लावतात, 'अरे, हा अजून आहे?' म्हणतात, डोळ्यांत पाणीबिणी. दुरून डोंगर साजरे, साहेब. मी गेल्या महिन्यात त्या डोंगरावर जाऊन आलोय. शिसारी आली.

आत कॅसेटपण आहे, ती भुयारातल्या राजवाड्याची. तुम्हाला आठवत असेल — टोपीवाला तलवार घेऊन पुढे आणि मशालवाली मागे. काय राजवाडा वाटायचा तो तेव्हा! आता बघा — चार विटकरी चौकोन म्हणजे भिंत, दोन करडे चौकोन म्हणजे राक्षस, आणि तो टोपीवाला, ज्याच्यासाठी मी शाळेच्या वहीभर तलवारी काढल्या, तो चालतो कसा? पोट बिघडल्यासारखा. उडी मारायला सांगावं तर आधी विचार करतो, मग खड्ड्यात पडतो. संगीत म्हणजे कानाशी डास. आणि ह्याच्यासाठी आम्ही दोघं सुट्टीच्या सुट्ट्या त्या टीव्हीपुढे मांडी घालून बसलो! दोघं म्हणजे मी आणि ताई. मी दहाचा, ती बारा-तेराची. तलवार माझ्याकडे. नाही, ठरलं कधीच नव्हतं. माझ्याकडेच असायची, बस.

मशालवालीचं काम आठवतंय तुम्हाला? नसणारच. मला तरी कुठे होतं? प्रत्येक मोठ्या दाराला एक साखळी. तिने साखळी ओढायची आणि बटण दाबून धरायचं, मग दार वर. टोपीवाला आत जाणार, मारामारी करणार, हिरे उचलणार — आणि ती बाहेर. बटण सोडलं की दार खाली, टोपीवाला आतच मेला. पडदा सगळा टोपीवाल्याबरोबर पुढे जायचा हो! मशालवाली दिसायचीसुद्धा नाही. जी पडद्यावर नाही तिच्यासाठी ताई अर्धा-अर्धा तास अंगठा दाबून बसायची. अंगठ्याला वळ उठायचा. मी म्हणायचो, 'सोडू नकोस हं, आलोच.' आलोच म्हणायचो आणि तिकडे हिरे मोजत बसायचो.

हा गेम तिनेच आणून दिला मला. आईचं गेल्या वर्षी आटोपलं. घर आवरताना माळ्यावर सापडला, तर पिशवीत घालून आली इथे, म्हणाली, दुरुस्त कर, आणि एकदा मला तलवार दे. पन्नाशीची बाई! मी हसलो. हसायलाच येणार ना? दोन दिवसांत केला दुरुस्त, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर जोडला तिच्या टीव्हीला. दिली तलवार. दिली म्हणजे अगदी हातात दिली, मी कद्रू नाही. आणि मी मशालवाली.

काय खेळत होती म्हणून सांगू! जीभ दातांत धरून, अख्खी बाई उडीबरोबर वर जायची. पहिल्याच खड्ड्यात चौदा वेळा पडली. मी मोजत होतो — तेच तर, मी मोजत होतो, मनात म्हणत होतो, ही काय पद्धत आहे. तरी पोचली तिसऱ्या दारापर्यंत. मी साखळी धरली, ती आत गेली. आणि साहेब, पाच मिनिटं — पाच मिनिटं धरवलं नाही मला. अंगठ्याला मुंग्या आल्या. एवढ्यात फोन वाजला, कोणाचा तरी मिक्सर, झाला का म्हणून. मी सोडलं बटण. धाडकन दार खाली. ती नुसती 'अगं बाई' म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं, नाही का? पण मीच वर तोंड करून म्हणालो — 'दे इकडे, तुला नाही जमायचं, मी दाखवतो.'

आणि दिली हो तिने. लगेच! जरा ओढून तरी धरायची, रागवायची. दिली, माझ्या हातातला मशालवालीचा रिमोट घेतला, आणि तिचा अंगठा — मी बघितलं ना — न बघता बरोबर त्या बटणावर जाऊन बसला.

नाही, धरा धरा, अजून धूर आहे. एवढं एक टोक चिकटलं की झालं.

आई अकरा वर्षं अंथरुणावर होती. अर्धांगवायू. ताई तेव्हा अडतिसाची असेल, मैत्रिणीने तिला परगावी बोलावलं होतं, शिवणाचा वर्ग काढत होती ती, भागीदार हवी होती. मी नवीनच दुकान टाकलेलं. मी म्हटलं, ताई, सहा महिने थांब, माझं जरा बस्तान बसू दे, मग मी बघतो आईचं, तू जा. आलोच म्हटलं! आणि मी वाईट नाही हो, औषधं मी आणायचो, दर रविवारी जायचो, विचारा कोणालाही. सहा महिन्यांची अकरा वर्षं कधी झाली, ते — जाऊ दे. तुम्ही गेमचं विचारायला आलात.

तर पुढे मी खेळलो. लाज बघा, शेवटपर्यंत खेळलो! दिवेलागणीपर्यंत. ती बसली दाबून. संपला गेम. शेवट आठवतो तुम्हाला? आम्हाला काय आठवायचा तो उजेड — टोपीवाला भुयारातून बाहेर येतो, ऊन पडलेलं, डोक्यावर मुकुट, बाजूला हिऱ्यांचा ढीग. दहा वर्षांचा असताना मी उड्या मारल्या होत्या. आता नीट बघितलं. तो एकटाच आहे, साहेब! मशालवाली नाहीच. कुठेच नाही. तिला बाहेर काढायला विसरले की मुद्दामच, देव जाणे. ती आतच, शेवटच्या दाराची साखळी धरून, आणि इकडे ह्या हरामखोराचा मुकुट चकाकतोय! मी म्हटलं, काय घाणेरडा गेम आहे हा, ताई, ती आतच राहिली की! कोणी बनवला असला? तर ती उठली, टीव्ही बंद केला, म्हणाली, 'मला तेव्हाच माहीत होतं.' आणि चहा टाकायला गेली.

चहा देताना सांगितलं. मैत्रिणीचा वर्ग अजून चालू आहे. हिला बोलावलंय, ही चाललीय. घराची किल्ली माझ्यापुढे ठेवली. हा डबा विकून टाक म्हणाली.

आज. साडेचारची बस. 'तू येऊ नकोस, तुझं दुकान असतं,' म्हणाली. मग नाही गेलो. ती म्हणाली म्हणून. घड्याळाकडे काय बघताय, मला माहीत आहे पावणेचार झालेत. ही इस्त्री द्यायचीय मला. इस्त्री आज दिली नाही तर आभाळ कोसळणार नाही, ते मलाही कळतं, पण शब्द दिलाय — हो हो, शब्द देणारा मोठा! दोन ट्रंका आहेत तिच्या. दोन. रिक्षातून उतरवून एकटी कशी नेणार बसपर्यंत? नेईल. अकरा वर्षं आईला एकटीने उचलून बसवत होती, ट्रंका नेईलच. मी आजवर असंच तर म्हणत आलोय — नेईल, करेल, धरेल...

अहो — अहो, तुम्ही मघापासून ते दार धरूनच उभे आहात?

धूर केव्हाच गेला! हात दुखत नाही तुमचा? मग बोलायचं नाही का, तोंड नाही का माणसाला? मी सांगितलं म्हणून कोणी असं — बघू, लाल झालाय तळवा. शी! किळस येते मला स्वतःची. नाही, गेम मिळणार नाही. विकायचा नाही तो, कोणालाच नाही. चला, निघा, दुकान बंद आहे. इस्त्री राहू दे पडलेली.

आणि सोडा ते दार. सोडा म्हणतोय ना. धरलंय मी.