दिवेलागणीचा सामना

सुधीर : आत चल. पंच दोनदा नाव पुकारून गेले.

पंढरी : मी नाय खेलत.

सुधीर : दोन-दोन झालेत, पंढरी. टेबल टेनिसचा शेवटचा सामना तुझा. ढाल कल्याणलाच राहते की आपल्याबरोबर ठाण्याला येते ते ह्याच्यावर ठरणार. आणि कॅप्टन तुला व्हरांड्यात शोधतोय.

पंढरी : आनंदला उभा कर ना.

सुधीर : एकदा दिलेलं नाव बदलत नाही, तुला माहितीय. डोंबिवलीला पण हेच. सकाळी त्यांच्या कॅप्टनला एकवीस-नऊनं हरवलंस, आणि संध्याकाळी एका नवशिक्याकडून हरलास. आनंद शाळेच्या सगळ्या क्लबात सांगत फिरतो, पंढरी मुद्दाम हरतो म्हणून.

पंढरी : सांगू दे.

सुधीर : मी भांडलेलो त्याच्याशी. आज मलाही तसंच वाटायला लागलंय.

पंढरी : सुधीर, आत दिवे लागले ना?

सुधीर : मघाशीच. टेबलावर दोन बल्ब सोडलेत. का?

पंढरी : मना चेंडू दिसत नाय.

सुधीर : म्हणजे?

पंढरी : दिवेलागन झाली का डोल्यांपुढं कालोख येतो. टेबल दिसतंय, जाली पन दिसते थोडी. चेंडू नाय. डोंबिवलीला मी आवाजावर खेललो. टेबलावर टक् वाजला का बॅट पुढं. मंग पोरं ओरडायला लागली, तो आवाज पन गेला.

सुधीर : कधीपासून?

पंढरी : दसऱ्यापासून.

सुधीर : मग प्रॅक्टिस संपल्यावर बाळकुमला जातोस कसा?

पंढरी : खोपटवरून कालूकाकाची मिठाची गाडी जाते. तिला मागून हात लावून चालतो. गाडी नसंल त्या दिवशी क्लबात येतच नाय.

सुधीर : आणि आम्ही तुला त्यावरून बोलायचो. घरी माहितीय?

पंढरी : कोनाला नाय सांगलं. आमच्या आलीत भिवाआजा हाय, आंधला. त्याचा पन असाच झालता. आधी रातचं दिसायचं नाय. मंग दिवसाचं पन गेलं.

सुधीर : थांब, सरांना बोलावतो.

पंढरी : नको. तुज्या पाया पडतो. शाला सुटंल माजी. आंधल्या पोराला कोन शिकवतंय?

गुप्ते सर : काय चाललंय तुमचं? पंचांनी पाच मिनिटं दिली आहेत, जास्त नाही.

सुधीर : सर, ह्याला संध्याकाळचं दिसत नाही.

गुप्ते सर : कोणाला? पंढरीला? इकडे बघ. ही बोटं किती?

पंढरी : सर, तुमचा हात कुठं हाय?

गुप्ते सर : ...ती बॅट दे माझ्याकडे. बस खाली. सहामाहीचा तुझा विज्ञानाचा पेपर मीच तपासला. रातांधळेपणा म्हणजे काय, अगदी बरोबर लिहिलं होतंस. तुला ठाऊक होतं.

पंढरी : म्हनून तं भ्यालो, सर. पुस्तकात लिवलंय, दुर्लक्ष केलं तर दृष्टी कायमची जाते.

गुप्ते सर : आणि त्याच्या पुढचं वाक्य?

पंढरी : पुढं वाचलंच नाय. पुस्तक मिटलं.

गुप्ते सर : पुढे उपाय दिलाय, बाळा. माशाचं तेल, दूध, पालेभाज्या. तुमच्याकडे जेवायला काय असतं?

पंढरी : भात. मीठ. कधी चिंचेचं पानी. म्हस इकली तवापासून दूध नाय.

सुधीर : बरा होईल ना, सर?

गुप्ते सर : बहुतेक होईल. मी डॉक्टर नाही, उगाच खात्री देणार नाही.

पंढरी : उद्या सकाली तरी दिसंल ना?

गुप्ते सर : उद्या सकाळी आठ वाजता आपण दोघं सरकारी दवाखान्यात जायचं. तू गाडीची वाट बघू नकोस, मी बाळकुमला येतो.

सुधीर : मी पंचांना सांगून येतो, सामना सोडला म्हणून. आनंदला पण सांगतो.

(तीन आठवड्यांनी. ठाण्याला शाळेचा हॉल, संध्याकाळ.)

गुप्ते सर : आता?

पंढरी : दिसला, सर. सुधीरच्या हातातून सुटला तवापासून दिसला.

सुधीर : मग परत का नाही मारलास?

पंढरी : बघत राह्यलो.

गुप्ते सर : असू दे. मला दुसरं विचारायचंय. तेलाची बाटली महिनाभर जायची होती, आणि तू आजच दुसरी मागायला गेलास म्हणे. दुप्पट घेतोस का? ते औषध आहे, जास्त घेऊन चालत नाही.

पंढरी : नाय सर. मना सांगलं तेवढंच घेतो. बाकीचं सगुनाला देतो.

गुप्ते सर : सगुणा कोण?

पंढरी : माजी मोठी बहीन. घरी मी डोल्यांचं बोललो तं ती दारामागं जाऊन रडायला लागली. तिला पन संध्याकाली दिसत नाय. दोन वर्सं झाली.

सुधीर : दोन वर्षं? आणि कोणाला बोलली नाही?

पंढरी : तिचं लगीन जमवायचं चाललंय. भ्याली.

गुप्ते सर : उद्या तिला दवाखान्यात घेऊन ये. आईलाही आण. मी असेन तिथे.

पंढरी : सगुनाला इचारलं, सर. नको बोलते.

गुप्ते सर : का?

पंढरी : बोलते, चूल मना हातानं सापडते.