भक्ती नावाची दोन खाती

देवगाव फाट्याला बस थांबली. उन्हामुळं तोंडाला स्कार्फ गुंडाळून भक्ती खिडकीशी बसली होती. मागच्या सीटवर तिच्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधले दोघं येऊन बसले, रामहरी सर आणि त्यांच्या हाताखालचा बालाजी. तिनं आवाजावरूनच ओळखलं.

"सर, लय मोठा घोटाळा झालाय."

"काय केलंस, बालाजी?"

"पेडगावच्या भक्तीनं कॉलेज सोडलं ना, तिचं खातं सर्व्हरवरून काढून टाकलं."

"मीच सांगितलं होतं की."

"पण तिच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं होतं, सर. मी सगळं लहान टाइप केलं."

"मग? भ म्हणजे भ. त्याला कुठं लहान-मोठा असतो?"

"इंग्रजीत असतो ना. त्या सर्व्हरला ती दोन येगळी माणसं वाटतात."

"म्हणजे? दुसऱ्याच कुणाचं उडवलंस?"

"बोरीच्या भक्तीचं."

"आरं देवा! आई-बापासंगं ऊसतोडीला जाती, ती?"

"तीच. तोडीवरून आली की दिवसभर लॅबमदी बसायची. अख्खा प्रोजेक्ट त्यातच व्हता."

"घरी कॉपी आसंल की."

"घरी कॉम्प्युटर कुठाय तिच्या?"

"उद्या परीक्षक यायलेत, बालाजी!"

"मला तर घाम फुटायलाय, सर."

"आत्ताच फोन लाव तिला. लाव म्हणतो ना!"

"लावलाय, सर. वाजायलाय."

भक्तीच्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. ती तो उचलेना, बंदही करीना. मागं दोघांचं बोलणं एकदम थांबलं.